क्रूझला जोडून चार दिवस: आधी राहावं की नंतर?

युरोपातल्या नदीवरच्या क्रूझचे पैसे भरून झाले, की टूर कंपनीचा पुन्हा फोन येतो. "मॅडम, एक्स्टेंशन घेणार का? बोटीच्या आधी प्राग, तीन रात्री. नाहीतर बोट संपल्यावर बुडापेस्ट, दोन रात्री." मग आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी तो कागद घेऊन माझ्याकडे येतं. माझं आयुष्य रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे गेलं, त्यामुळे एक गाडी सुटून दुसरी कशी गाठायची हे मला कळतं असं सगळे धरून चालतात. निवृत्तीनंतर डॅन्यूब आणि ऱ्हाईन दोन्ही नद्यांवर आम्ही फिरलो, तेव्हा थोडं कळतंही.

मी आलेल्याला पहिलं एकच विचारते: या गावाला बोट जाते का? जात असेल तर तिथे जादा रात्रीचे पैसे कशाला? जिथे पाणी पोचत नाही तिथे राहा. बोट ज्या गावी थांबते ते गाव ती तुम्हाला दाखवतेच, गाइडसकट, आणि तेही तुमची बॅग न हलवता. एक्स्टेंशनचे पैसे बोटीला न जमणाऱ्या गोष्टीसाठी ठेवायचे.

डॅन्यूबचंच बघा. जाहिरातीत ठसठशीत लिहिलेलं असतं 'प्राग ते बुडापेस्ट'. पण प्राग डॅन्यूबवर नाहीच, ते व्हल्टावा नदीवर आहे. बोट लागते ती जर्मनीत, न्युरेम्बर्गला, रेगेन्सबुर्गला, फिल्सहोफेनला किंवा पासाउला, आणि प्रागहून तिथवर बसचा तीन-चार तासांचा प्रवास असतो. म्हणजे प्राग बघायचं तर जमिनीवरूनच, दुसरा इलाज नाही. १३५७ साली पाया घातलेला चार्ल्स पूल, १४१० पासून चालत आलेलं खगोलीय घड्याळ, नदीपलीकडच्या टेकडीवरचा राजवाडा, एवढं सगळं एका दिवसात बघणं म्हणजे नुसती पळापळ. प्रागला तीन रात्री हव्यातच.

बुडापेस्टचं उलट आहे. बहुतेक बोटी तिथे एक रात्र मुक्कामाला असतात, त्याही शहराच्या अगदी मधोमध, पेस्टच्या काठाला. रात्री दिवे लागलेलं संसद भवन डेकवरून बघायला मिळतं, सकाळी शहराची फेरी होते. त्यावर आणखी दोन रात्री घ्यायच्या तर काहीतरी कारण हवं. गरम पाण्याच्या हमामांची आवड असेल तर ते कारण चांगलं आहे. १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहात अख्खी दुपार घालवता येते आणि गुडघ्यांना ती मानवते, हे माझ्या नणंदेचं प्रमाणपत्र आहे. कारण नसेल तर नको.

व्हिएन्नासाठीही लोक मला गळ घालतात. बोट राइशब्र्यूके पुलापाशी लागली तर तिथून यू-१ मेट्रोने दहाएक मिनिटांत तुम्ही थेट कॅथेड्रलच्या दारात असता. वाटेतला मुक्काम आहे, चांगला दिवस-दीड दिवस मिळतो. ऑपेराचं तिकीट काढलेलं असेल तरच जादा राहा.

हीच चाचणी बाकीच्या नद्यांना लावा. ऱ्हाईनवरची बोट बासेलच्या पुढे काही जात नाही, म्हणून तिथे स्वित्झर्लंड. डॅन्यूबचा खालचा टप्पा, म्हणजे बुडापेस्टहून रोमानियाकडे, घेतलात तर शेवटी बुखारेस्ट आणि ट्रान्सिल्व्हेनियाचे डोंगर, कारण बुखारेस्टही नदीपासून साठेक किलोमीटर आत आहे. पोर्तुगालच्या डोरो नदीची बोट पोर्तोहून निघते नि पोर्तोलाच परत येते, तेव्हा लिस्बन; रेल्वेने तीनेक तास. पोर्तोला मात्र बोट आदल्या दिवशी धक्क्यावरच असते का ते बघा, मग तिथे हॉटेल नको.

समुद्रावरच्या मोठ्या बोटींचं वेगळं

इथे फसवतं ते बंदराचं नाव. पत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं आणि बोट उभी असते चिवितावेकियाला, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, दोनशे किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नम्युंडे, तिथून बर्लिनला जाऊन येण्यात पाच-सहा तास प्रवासातच जातात. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. म्हणून समुद्री क्रूझमध्ये चाचणी जरा बदलायची: बोट ज्या शहराचं नुसतं नाव घेते, तिथे राहा. बार्सेलोनाला बंदर शहराला लागून आहे. आदली एक रात्र पुरते, वास्तुकार गौदीच्या सगळ्या इमारती बघायच्या असतील तर दोन. रोमला एक रात्र म्हणजे पैसे वाया, तीन करा.

व्हेनिसचं तर नीटच विचारून घ्या. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिसची' म्हणून विकलेली बोट पुष्कळदा रावेन्नाला किंवा त्रिएस्तेला लागते, दोन ते अडीच तासांच्या अंतरावर. म्हणजे आता व्हेनिस हे खरोखरच एक्स्टेंशनचं शहर झालंय. तिथे मुक्काम केला तर आणखी एक सोय होते: ठरावीक दिवशी बाहेरून एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं, ते हॉटेलात राहणाऱ्याला माफ असतं, फक्त आधी ऑनलाइन नोंद करून ठेवायची. आणि सकाळी सातला, एकदिवशी गर्दी यायच्या आत, व्हेनिस बघणं हे वेगळंच प्रकरण आहे.

आधी की नंतर

इंग्रजीत याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकी लोकांनी अमेरिकी लोकांसाठी लिहिलेलं. त्यांचं पालुपद ठरलेलं: जेट लॅग उतरायला दोन-तीन दिवस आधी जा. त्यांचं घड्याळ सहा ते नऊ तास सरकतं. आपलं उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आपण पहाटे तीन-चारला टक्क जागे होतो आणि रात्री आठला पेंगायला लागतो, एवढंच. त्याच्यासाठी तीन रात्रींचं हॉटेल घ्यायची गरज नाही.

आपल्याला आधी जाण्याचं कारण दुसरं आहे. मुंबईहून प्रागला किंवा बुडापेस्टला पोचायचं तर फ्रँकफर्ट, म्युनिक, इस्तंबूल किंवा आखातात कुठेतरी विमान बदलावं लागतं. पहिलं उशिरा आलं की दुसरं हुकतं, आणि माणूस पोचला तरी बॅग मागे राहते. माझ्या भाच्याची बॅग अशीच एक दिवस उशिरा आली. हॉटेलात होता म्हणून निभावलं. बोटीवर असता तर ती बॅग गावोगाव त्याच्या मागे फिरत राहिली असती. नदीची बोट संध्याकाळी निघते, समुद्राची तर नोंदणीच सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होते. कुणासाठी कुणी थांबत नाही.

म्हणून आदली एक रात्र घ्यायचीच, एक्स्टेंशन असो वा नसो. आमच्या वेळी पुढची गाडी गाठायची असली तर लोकांना मी मधे निदान चार तास ठेवायला लावायची, त्यातलाच हा प्रकार. पण या एका रात्रीला एक्स्टेंशन समजू नका. ती जोडगाडीची रात्र आहे, ती बोटीच्याच गावात किंवा जवळच्या विमानतळाच्या शहरात काढायची. खरं एक्स्टेंशन कुठल्या बाजूला लावायचं ते त्यानंतर ठरतं, आणि मी तीन गोष्टी बघते.

पहिली, परतीचं थेट विमान. मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, अॅमस्टरडॅम, पॅरिस इथे थेट विमानं आहेत. बोट बुडापेस्टला संपते आणि तिथून थेट विमान नाही. म्हणून जमल्यास बोट उलट्या दिशेची घ्या. बुडापेस्टहून निघून पासाउला संपणारी फेरीही असते. मग पासाउहून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत म्युनिक, तिथे किंवा साल्झबुर्गला तीन रात्री, आणि म्युनिकहून थेट मुंबई. नदी तीच, गावं तीच, फक्त शेवटची वणवण वाचते. तिकीट 'मल्टी-सिटी'त बघायचं, जाणं एका शहरात नि येणं दुसऱ्या शहरातून. ते साधारण जाऊन-येऊन तिकिटाच्या आसपासच पडतं. दोन वेगवेगळी एकेरी तिकिटं काढणं बहुधा महागात जातं.

दुसरी गोष्ट, डोंगर. डोंगर नेहमी बोटीच्या नंतर. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, ढग असतील तर तुम्ही एवढे पैसे देऊन पांढरी भिंत बघता. तिथे तीन रात्री हव्यात आणि जायचा दिवस सकाळी इंटरनेटवरच्या थेट कॅमेऱ्यात शिखर बघून ठरवता आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बोट गाठायची असेल तर ही मुभा नसते. म्हणून ऱ्हाईनची बोट अॅमस्टरडॅमहून बासेलकडे येणारी घ्यायची. बासेलहून ल्युसर्न तासाभरावर, इंटरलाकेन दोन तासांवर, आणि झुरिकहून घरी. स्विस ट्रॅव्हल पास तीन दिवसांपासून मिळतो. त्यात ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर पूर्ण येतो, युंगफ्राउला मात्र फक्त सवलत. दोघांतला एकच निवडायचा असेल आणि खिशाचा विचार असेल तर रिगी. तिथून तळंही दिसतं आणि बर्फाची रांगही. बर्फात खेळायचं असेल तर मात्र रिगीने भागणार नाही, उन्हाळ्यात तिथे हिरवळ असते.

ट्यूलिपवाल्यांचं उलट. अॅमस्टरडॅमजवळची कॉइकेनहॉफ बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. मेच्या सुरुवातीची तारीख असेल तर अॅमस्टरडॅम आधी उरका, बोटीनंतर परत यायचा बेत ठेवलात तर फुलं संपलेली असतील.

तिसरी गोष्ट नदीचं पाणी, आणि हे टूर कंपनी आपणहून सांगत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी नदी उतरते. २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाईनला पाणी इतकं कमी झालं, की बोटींना अडचण आली. डॅन्यूबवर जर्मनीतला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण सत्तर किलोमीटरचा पट्टा बंधाऱ्यांशिवाय मोकळा वाहतो, आणि अडकायचं तर तिथेच. पूर आला तरी तेच. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातली जलवाहतूकच थांबली होती. अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसने हलवते, किंवा बोट ऐनवेळी वेगळ्या गावातून सोडते. तुमचं एक्स्टेंशन त्याच कंपनीकडून असेल तर ही डोकेदुखी त्यांची. स्वतः केलेलं असेल तर तुमची. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची क्रूझ असेल तर शेवटच्या गावाहून सुटणारं, पैसे परत न मिळणारं रेल्वेचं तिकीट आधी काढून ठेवू नका.

व्हिसा: हे आधी, बाकी सगळं मग

युरोपीय किंवा अमेरिकी माणूस बोटीवर बसूनसुद्धा ठरवू शकतो, की चला, दोन दिवस आणखी राहू. आपलं तसं नाही. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, मुक्कामाचे दिवस छापलेले असतात. फक्त क्रूझपुरते दाखवले तर तेवढेच मिळायची शक्यता. म्हणून एक्स्टेंशन व्हिसाच्या अर्जाआधी पक्कं झालं पाहिजे.

आणि त्याहून महत्त्वाचं: एक्स्टेंशनमुळे अर्ज कुठल्या देशाकडे करायचा तेच बदलू शकतं. नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. आता डॅन्यूबची सात रात्रींची बोट घ्या. कागदावर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी असे वाटे पडतात, आणि बहुधा ऑस्ट्रिया नाहीतर हंगेरी पुढे असते. त्याला आधी प्रागच्या तीन-चार रात्री जोडल्या, की चेक प्रजासत्ताक पुढे येऊ शकतं. म्हणून कंपनीकडून दिवसवार पत्रिका मागून घ्या, पेन घेऊन देशवार दिवस मोजा, आणि मगच अपॉइंटमेंट बघा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा भराभर संपतात. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, आणि तो बोटीच्या नव्हे, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या सगळ्या दिवसांचा हवा.

अनेकदा प्रवेशाचा, म्हणजे मल्टिपल एंट्री व्हिसा, कधी लागतो? मधे शेंगेनबाहेर पाऊल पडलं की. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण. पण डॅन्यूबच्या खालच्या टप्प्यात मधे सर्बिया येतो, तो बाहेर. ग्रीक बेटांच्या क्रूझमध्ये तुर्कस्तान येतं, एड्रियाटिकवर माँटेनेग्रो. आणि लंडन जोडायचं म्हणालात तर तो पूर्ण निराळा व्हिसा, निराळा खर्च. फक्त दोन रात्रींच्या लंडनसाठी मी कुणालाच हे करायला सांगत नाही.

कंपनीचं घ्यावं की आपलं आपण

कंपनीच्या एक्स्टेंशनमध्ये साधारण काय असतं? हॉटेल आणि नाश्ता, विमानतळावरून ने-आण, एक अर्ध्या दिवसाची शहरफेरी, आणि हॉटेलच्या लॉबीत बसलेला त्यांचा माणूस. कागद घ्या. त्याच हॉटेलचा त्याच तारखांचा भाव स्वतः बघा. त्यात दोघांचं टॅक्सीभाडं आणि एका फेरीचे पैसे मिळवा. कंपनीचा आकडा त्याच्या सव्वापटीच्या आत असेल तर मी कंपनीचं घेते. वयाची साठी ओलांडली की लॉबीत बसलेला माणूस त्या चार पैशांच्या लायकीचा असतो. दीडपटीच्या वर गेला तर नाही.

ने-आणीचं एक कलम मात्र वाचा. बऱ्याच ठिकाणी विमानतळावरची फुकट गाडी फक्त बोट चढायच्या आणि उतरायच्या दिवशीच असते. तुम्ही स्वतः तीन दिवस आधी पोचलात तर ती गेली, आणि प्रागहून बोटीपर्यंतची बसही. ती बस वेगळी विकत मिळते का ते विचारा, कारण प्राग ते पासाउ रेल्वेने बॅगा चढवत-उतरवत जाणं मी रेल्वेची असूनही सुचवणार नाही.

एकट्या माणसाला खोलीचा जादा आकार लागतो, आणि एक्स्टेंशनमध्ये तो बोटीपेक्षाही बोचतो. एकट्याने हॉटेल स्वतःच बघावं. कराचंही जाता जाता: परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेतलेला प्राप्तिकर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. नुसतं हॉटेल वेगळं घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. कार्डावर परकीय चलनाचा जादा आकार किती, ते मात्र आधी बघून ठेवा.

हॉटेल आणि खाणं

दोन रात्री म्हणजे एकच पूर्ण दिवस, हे लक्षात ठेवून रात्री मोजा. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते आणि बोट मात्र सकाळी नऊच्या आत रिकामी करावी लागते. मधल्या सहा तासांसाठी हॉटेल बॅगा ठेवून घेतं, आधी मेल टाकून ठेवा. लिफ्ट आहे का ते विचारा, जुन्या इमारतींत असेलच असं नाही. प्रागच्या जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, चाकांची बॅग तिथे रडवते. राजवाड्याला पायऱ्या चढून जाऊ नका, २२ नंबरची ट्राम वर सोडते. बघत बघत उतरा. शनिवारी प्रागमधलं ज्यू संग्रहालय बंद असतं. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, तेव्हा खरेदीचा बेत त्या दिवशी नको.

बोटीवर शाकाहारी सांगून ठेवलं की होतं. जमिनीवर आपलं आपण. प्रागला 'स्माझेनी सिर', म्हणजे तळलेलं चीज, कुठेही मिळतं. बुडापेस्टचा लांगोश म्हणजे लसूण आणि चीज थापलेला भटुराच. तव्यावरून नव्हे, कढईतून येतो आणि एकाने दोघांचं पोट भरतं. घरून खाकरे, मेतकूट, उपम्याची पाकिटं न्या. पण पेढे, बर्फी, तूप नको. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि विमानतळावर बॅग उघडली तर टोपलीत टाकून द्यावे लागतात. दोन्ही शहरांचं चलन युरो नाही. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. रस्त्यावरच्या विनिमयवाल्याच्या नादी न लागता कार्ड वापरा, आणि मशीनने 'रुपयांत कापू का' विचारलं तर नाही म्हणा.

आता क्रम. बोटीची तारीख आणि दिशा. मग एक्स्टेंशन कुठलं नि किती रात्री. मग देशवार दिवस मोजून व्हिसाचा देश. मग फुकट रद्द होणारं हॉटेल आणि विमानाचं आरक्षण, त्याच्या कागदावर अर्ज. व्हिसा हातात आल्यावर रेल्वे, ऑपेरा, डोंगराची तिकिटं. बोट सोडायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. पासपोर्ट, औषधं आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्या बॅगेत जाऊ देऊ नका.